काचेवरची शीट

खरं सांगू, मी भित्री हाय. कोणाले पटत नाही. अकोल्याले जुन्या शहरात आमच्या गल्लीत माही जीभ मशहूर होती. दूधवाला माप भरताना माह्या तोंडाकडे पाहून भरे. पण आवाज मोठा केला की भेव कोणाले दिसत नाही, ही युक्ती मले लहानपणीच सापडली होती. तिच्यावर मी अठराव्या वर्षापर्यंत काढलं.

दोन हजार सहा साली अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माहा नंबर लागला. एवढं शिकायले बाहेर जाणारी गल्लीतली मी पहिलीच पोरगी. अब्बा पुस्तकांच्या बांधणीचं काम करत. रऊफ जिल्दसाज म्हटलं की मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर लोकायले माहीत. अब्बांनीच मले होस्टेलात आणून सोडलं. गादी, रजई, उशी असं सारं खाकी बिस्तरबंदात गुंडाळून, पट्टे आवळून त्यायनं खांद्यावर आणलं. खाटेवर गादी टाकली अन् रिकामा बिस्तरबंद घडी करून काखेत मारला.

"ठेवा ना इथंच," मी म्हटलं.

आमी घरी उर्दूत बोलतो. पण खोलीतल्या बाकीच्या पोरी ऐकून राहिल्या होत्या, म्हणून अब्बा मुद्दाम वऱ्हाडीत बोलले. "नाही. हा घरी राहीन. ज्या दिवशी तुही एक शिकायत घरी आली, त्या दिवशी मी हा घेऊन येईन. बोलणार काही नाही. बिस्तर बांधू अन् घरी चलू."

अन् अब्बा म्हणजे बोलले ते करणारे. माही मोठी बहीण नगमा आपा नर्सिंगले होती. तिच्या कॉलेजातून गैरहजेरीचं कार्ड आलं. एकच आलं. अब्बा बिस्तरबंद घेऊन गेले अन् आपाले घेऊन आले. सहा महिन्यांत तिचं लग्न. आपा वाईट नांदत नाही, पण तिच्या कपाटात तिचा पांढरा कोट अजून इस्त्री करून ठेवलेला हाय. त्या कपाटाकडे मी कधी पाहत नसे.

कॉलेजनं त्या वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरीयसाठी नवीन प्रयोग काढला होता. होस्टेलात सहा-सहा पोरींचा एक गट. त्यायले दोन खोल्या, मधात एक हॉल, हॉलमध्ये काचेचं मोठं टेबल. सहाजणींनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्र शिकायचं. कागदावर त्याचं नाव 'अभ्यास-कुटुंब'. आमी नुसतं कुटुंब म्हणत होतो. आमच्यावर सत्यभामा मॅडम होत्या, गणिताच्या. त्यायनं पहिल्याच दिवशी नियम घातला. रोज संध्याकाळी पाच वाजता टेबलाभोवती बसायचं, अन् पुस्तक उघडायच्या आधी एकेकीनं सांगायचं, आज मले काय समजलं नाही. बाकीच्यांनी हसायचं नाही. जिले समजलं तिनं समजून सांगायचं. कोणालेच समजलं नसन तं समजेपर्यंत कोणी उठायचं नाही.

दुसरा नियम आमचा आमीच केला होता. फोन फक्त खाली गेटजवळच्या खोलीत होता. कोणाचा फोन आला की माणिकबाई शिपाईण खालून नाव पुकारे. त्या वर्षांत आमच्या भागात घरून अवेळी फोन आला की पोरगी अनवाणीच खाली धावे. आज या शेतकऱ्यानं जीव देला, उद्या त्या, हेच गावागावातून रोज ऐकू येत होतं. सप्टेंबरात शेजारच्या कुटुंबातली एक पोरगी एकटीच फोनवर गेली अन् ऐकून तिथंच जिन्यात बसली. अर्धा घंटा कोणाले पत्ता नव्हता. तेव्हापासून आमी ठरवलं, फोनवर एकटीनं जायचं नाही. कोणीतरी संगं जायचंच, आंघोळीतून उठून का होईना.

तिसरा नियम कॉलेजचा. जीटी मारायची नाही. जीटी म्हणजे काय ते इंजिनिअरिंगचं पोट्टं झोपेतून उठून सांगन. काच आडवी ठेवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर दुसऱ्याची पूर्ण झालेली ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी. खालच्या रेघा वर दिसतात, त्या गिरवायच्या. सारं कॉलेज हेच करे. पण कुटुंबातल्या पोरीयनं केलं तं मंग कुटुंब कायले, असं सरायचं म्हणणं.

आता माहं पाप सांगते. मले ड्रॉइंग समजत नव्हतं. एखादी वस्तू पुस्तकात तिरकी दाखवली की ती समोरून कशी दिसन, वरून कशी दिसन अन् बाजूनं कशी दिसन, ते काढायचं असते. समोरून अन् वरून मी रेटून न्यायची. बाजूचं मले दिसतच नव्हतं. डोळे मिटले तं अंधार, उघडले तं कागद. दहावीपर्यंत मी पहिली, बारावीत पहिली, अन् इथं एक लाकडाचा ठोकळा मले दिसून नाही राहिला. ऑगस्टपासून माही पाळी आली की मी सांगत होती, "आज सारं समजलं." नाहीतर केमिस्ट्रीतलं बारीकसं काहीतरी, इज्जतीत बसन असं. एकदा खोटं बोलली, मंग दुसऱ्या दिवशी खरं बोलायचं तं कालचंही सांगावं लागते. असं करता करता फेब्रुवारी आला.

आमच्यात ड्रॉइंग येत होतं मंजुषाले. मंजुषा वलगावची. घरचा भाजीचा मळा, थोडी शेवंती, झेंडू. वडील गोवर्धन, माय तानुबाई. पोरगी बारीक, आवाज कमी. तिची पाळी आली की ती सरळ सांगे, "मले आज इंग्लिशच समजलं नाही, मंग बाकीचं काय समजन." पण तिच्या हातात पेन्सिल आली की रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. मी एकदा विचारलं, कुठं शिकली वो. म्हणे, "मेथीच्या जुड्या बांधून पाह्य. शंभर जुड्या एकसारख्या बांधल्या की हात आपोआप बसते." मी हसली. आतून जळली होती.

त्या आठवड्यात शीट सोमवारी द्यायची होती. मंजुषानं शुक्रवारीच काढून ठेवली, अन् शनिवारी घरी गेली. सोमवारी सकाळी ती तिकडूनच कॉलेजात येणार होती, तिची शीट आमच्यातलीच कोणी नेणार होती. मी रविवारी दुपारपर्यंत तीन कोरे कागद नासवले. बाकीच्या चौघी बाजारात गेल्या. मंजुषाच्या खाटेखाली तिची शीट ठेवायची लांब नळी होती. मी हॉलचं दार लावलं, टेबलाच्या काचेखाली अभ्यासाचा दिवा ठेवला अन् तिची शीट काचेवर पसरली.

कोणी म्हणन, मंजुषाले विचारलं असतं तं ती नाही म्हणाली असती का? नसती म्हणाली. हात धरून शिकवलं असतं तिनं. पण त्यासाठी मी एवढे महिने खोटं बोलली, हे आधी सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा मले चोरी सोपी वाटली.

रेघा गिरवून झाल्या. मंग गोल काढायची वेळ आली. तोपर्यंत वरचा कागद जराक सरकला होता. मी कंपास टेकवला तं त्याचं टोक दोन्ही कागदांतून आरपार गेलं अन् खाली काचेले लागून टक वाजलं. मी वरचा कागद उचलून पाह्यलं. मंजुषाच्या शीटवर तिनं टोचलेल्या छिद्राशेजारी आता माहं एक छिद्र, केसाएवढं दूर. चारही गोलांचं तसंच झालं. कागदावर पडलेलं छिद्र बुजवता येत नाही. मी अंगठ्यानं घासलं, शीट गुंडाळली अन् नळीत ठेवून देली.

गुरुवारी धर्मेंद्र सरायनं ड्रॉइंगच्या तासाले दोन शीट टेबलावर ठेवल्या. धर्मेंद्र सर आवाज चढवत नसत, हेच वाईट होतं.

"मंजुषा, नाजिया, पुढे या," ते म्हणाले. "या कोपऱ्यात पाहा. ही तुटक रेघ कडेच्या बाहेर गेली आहे. ही चूक आहे. चूक कोणाचीही होते. पण दोघींची, एकाच जागी, एवढीच?"

ती रेघ मंजुषाची चुकलेली होती. ज्याले समजते त्याले ती चूक दिसली असती. मले काय दिसणार, मी भक्तिभावानं गिरवली.

"एकीनं दुसरीची शीट काचेवर टाकली आहे," सर म्हणाले. अन् ते मंजुषाकडे पाहून राहिले होते. खेड्यातली पोरगी, शनिवार-रविवार घरी जाते, इंग्लिशात अडते. त्यायच्या डोक्यात हिशेब झाला होता. "कोणी ते आत्ता सांगा."

"सर, माही शीट माही हाय," मंजुषा म्हणाली.

"माही बी माहीच हाय, सर," मी म्हटलं. तिच्याहून मोठ्यानं म्हटलं.

"ठीक आहे. उद्या अकरा वाजता दोघींनी माझ्यासमोर बसून नवी आकृती काढायची. जिला येणार नाही, तिनं उतरवली. तिला या वर्षी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसता येणार नाही, आणि तिच्या घरी पत्र जाईल."

पत्र म्हटल्यावर पुढचं मले ऐकू आलं नाही. मले आमच्या घरच्या खुंटीवर लटकलेला बिस्तरबंद दिसला, त्याचा पितळी कडीचा पट्टा दिसला. मंजुषाचंही काही वेगळं नव्हतं. वलगाव इथून हाकेवर. तिच्या घरचे म्हणतच होते, एवढ्या जवळून होस्टेल कायले, सकाळी मळ्यात दोन हात कमी पडतात. पत्र गेलं असतं तं तिचंही बोचकं बांधल्या गेलं असतं, अन् तेही माह्या पापासाठी.

संध्याकाळी टेबलाभोवती कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मंजुषाची पाळी आली. ती म्हणाली, "आज मले एवढं समजलं नाही, का सर मलेच काहून पाहून राहिले होते."  मंग माही पाळी.  मी म्हटलं, "आज सारं समजलं."

सगळ्या उठल्यावर मंजुषा माह्याजवळ आली. "चाल, उद्याची तयारी करू."

"मले येते," मी म्हटलं.

"येत असन तं मले शिकव. मले भेव वाटून राहिलं."

तिनं पुस्तक उघडून एक आकृती माह्यापुढे सरकवली. मी पेन्सिल घेतली. समोरचं काढलं. वरचं काढलं. मंग पेन्सिल कागदावर टेकवून बसली. मंजुषानं ते पाह्यलं. उठून खाली मेसमध्ये गेली. मेसवाल्या मैनाबाईचा आवाज वरपर्यंत आला, "माहा दुधी कायले नेतं वो, सकाळची भाजी हाय थे." मंजुषा अर्धा दुधी अन् सुरी घेऊन वर आली. तिनं दुधीचा चौकोनी ठोकळा कापला, एका अंगानं पायरी पाडली, दुसऱ्या अंगानं उतार देला, मधात पेन्सिल खुपसून गोल भोक केलं. पुस्तकातली आकृती टेबलावर उभी राहिली. मंग तिनं दिवा आणून ठोकळ्यापुढे ठेवला.

"ठोकळ्याकडे पाहू नोको," ती म्हणाली. "भिंतीकडे पाह्य."

भिंतीवर सावली पडली होती. तिनं ठोकळा वळवला, सावली बदलली. "हे समोरून. आता हे बाजूनं. दिसलं का?"

दिसलं. एकदम दिसलं. उतार कुठं जाते, पायरी कुठं लपते, भोक तुटक रेघांत काहून काढतात, सारं. मले रडू आलं, अन् रडू आल्याचा राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी मी महिनोन् महिने मरून राहिली होती. मी धडाधड तीन आकृत्या काढल्या अन् तिन्ही बरोबर आल्या.

"आता तुले आलं," मंजुषा दुधीच्या साली गोळा करत म्हणाली. "उद्या दोघीयची चांगली आली तं सर काय करतीन? काहीच नाही करू शकत."

तिले माहीत होतं. मले शरमेनं वर पाहवलं नाही. तिनं मले एका शब्दानं विचारलं नाही, अन् मीही तिले एका शब्दानं सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता माणिकबाईनं खालून पुकारलं, "मंजुषा, वलगावचा फोन."

मंजुषा वेणी घालून राहिली होती. तिच्या हातातून रिबीन पडली. मी संगं गेली, नियम होता म्हणून. फोनच्या खोलीत आमी दोघीयनं एकाच रिसीव्हरले कान लावले. तिकडून तानुबाई बोलून राहिल्या होत्या, हळू, कोणी ऐकन असं.

"मंजे, तुहे बाबा काल दुपारी टेम्पोत फुलं घेऊन बाळापूरले गेले. रातभर घरी आले नाही. तुह्याकडे तं नाही आले?"

"नाही वो माय."

"बरं. तू येऊ नोको. तुहा भाऊ अन् गावातली दोघं-तिघं पाहून राहिली हायेत."

"कुठं पाहून राहिली?"

 "विहिरीयमध्ये," त्या म्हणाल्या. "तसं काही नाही वो. उगाच. पण पाहून घ्यावं म्हणते भाऊ."

मंजुषानं फोन ठेवला.  मी म्हटलं, "चाल, सरायले सांगू. परीक्षा पुढं ढकलतीन."

"नोको," ती म्हणाली. तिनं माहा हात इतका जोरात धरला का नखं रुतली. "कोणाले सांगू नोको. तोंडातून काढलं की खरं होते."

ड्रॉइंगचा हॉल होस्टेलच्या गेटाले लागूनच, वरच्या माळ्यावर होता; अकरा वाजता आमी दोघी तिथं दोन टेबलांवर बसल्या. सरायनं आकृती देली अन् खुर्ची खिडकीजवळ ओढून बसले. मी डोळे मिटले. डोळ्यांपुढे भिंत आली, भिंतीवर सावली आली. माहा हात चालू झाला. बाजूच्या टेबलावर मंजुषाच्या पेन्सिलचं टोक तुटलं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तुटलं. खाली गेटवर सायकलची घंटी वाजली तरी ती दचके, फोन वाजला काय म्हणून. तिची ती एकसारखी रेघ हालून राहिली होती. तिनं खोडलं, मंग पुन्हा खोडलं. शेवटी कागद फाटला. मले सारं ऐकू येत होतं, अन् माहं चित्र छान उतरून राहिलं होतं.

दीड घंट्यानं सर उठले. माही शीट पाह्यली. मंजुषाची पाह्यली.

"नाजिया, तू जा," ते म्हणाले. "तुझं काम स्वच्छ आहे. मंजुषा, तू थांब."

माह्या जिवात जीव आला. सांगायची लाज वाटते, पण पहिले तेच झालं. बिस्तरबंद खुंटीवरच राहिला. मी दप्तर उचललं अन् दारापर्यंत गेली.

मागून मंजुषाचा आवाज आला, "सर, मी खाली फोनवर जाऊ का?"

"का?" सर म्हणाले. "माझं पत्र पोचायच्या आधी घरी काही सांगायचं आहे?"

ती उभीच राहिली. तिनं तोंड उघडलं नाही. तोंडातून काढलं की खरं होते, असं तिनं मनाले बांधून घेतलं होतं. मी दारातून तिचा फाटलेला कागद पाह्यला. माहे पाय मागं वळले. ते कसे वळले ते मले आजही सांगता येत नाही.

"सर, शीट मी उतरवली," मी म्हटलं. "रविवारी. तिच्या नळीतून काढून. तिले माहीतही नव्हतं."

सरायनं माह्याकडे पाह्यलं अन् ते हसले. पहिल्यांदाच हसले असतीन. "तू आत्ता माझ्यासमोर ही आकृती काढलीस. ज्याला येतं तो कशाला उतरवेल? मैत्रिणीला वाचवतेस. तुमच्या कुटुंबात हेच शिकवतात वाटतं. चांगलं आहे, पण मला ते चालणार नाही. जा."

मी सांगितलं होतं. सरायनं मानलं नव्हतं. आता मी गेली असती तं कोण काय म्हणणार होतं? अल्लाहसमोरही सांगता आलं असतं, मी तं बोलली होती. दार उघडं होतं. बाहेर पोरींचा आवाज येत होता, मेसची घंटा झाली होती. तेवढं एक पाऊल टाकलं असतं तं माही चार वर्षं माह्या हातात होती. भेव असं मी त्याआधी कधी पाह्यलं नव्हतं. कानात अब्बांचा आवाज, बोलणार काही नाही.

"सर," मी म्हटलं, "सोमवारच्या दोन्ही शीट काढा. अन् खिडकीच्या उजेडात धरा. गोलाच्या मधात पाहा."

सर कंटाळून उठले. कपाटातून दोन्ही शीट काढल्या. मंजुषाची खिडकीच्या काचेले लावली. प्रत्येक गोलाच्या मधात उजेडाचे दोन ठिपके होते. मंग माही लावली. तिच्यात एकेकच होता.

"तिची खाली होती," मी म्हटलं. "माही वर. माहा कंपास तिच्या कागदातून गेला. तिनं माही उतरवली असती तं दोन छिद्रं माह्या शीटवर असती."

सरायनं दोन्ही शीट गुंडाळून कपाटात ठेवल्या. मंग म्हणाले, "मंजुषा, जा फोनवर." तोवर मी रडून राहिली होती, अन् तरी तिच्यासंगं खाली धावली. नियम होता.

फोन तिच्या भावानं उचलला. बाबा घरी आले होते. मूर्तिजापूरजवळ टेम्पो बिघडला, रातभर टेम्पोतच झोपले, सकाळच्या गाडीनं आले अन् आता चहा पिऊन राहिले होते. गावातली माणसं विहिरीवरून आली तं बाबाच त्यायले उलटं विचारून राहिले, कोण पडलं म्हणून. मंजुषा जिन्यात बसून हसली, मंग खूप रडली. डोळे पुसून ती मले म्हणाली, "तुह्या घरी आता पत्र जाईन."

"हाव," मी म्हटलं.

संध्याकाळी टेबलाभोवती माही पाळी आली. सत्यभामा मॅडमही येऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "मले ऑगस्टपासून बाजूचं चित्र समजत नव्हतं. ते काल समजलं. अब्बा आल्यावर काय सांगू, ते समजून नाही राहिलं." कोणालेच समजलं नाही. नियमाप्रमाणे कोणी उठलं नाही. जेवणं थंडी झाली म्हणून मैनाबाई वर येऊन साऱ्यायवर ओरडून गेली, मॅडमवरही.

पत्र पोचायले चार दिवस लागले. ते चार दिवस कसे गेले ते विचारू नका. गेटची कडी वाजली की मी खाटेखाली पाहत होती, काय काय बांधावं लागन. पाचव्या दिवशी, बुधवारी दुपारी, अब्बा आले. काखेत बिस्तरबंद होता. माणिकबाईनं त्यायले भेटीच्या खोलीत बसवलं. मी खाली गेली तं पाचहीजणी माह्याआधी तिथं बाकावर बसल्या होत्या.

अब्बांनी माह्याकडे पाह्यलं नाही. खिशातून पत्र काढलं. "यायच्यातली मंजुषा कोण?"

"मी, चाचा."

"शीट तुही होती?"

"हाव."

"हिनं न विचारता घेतली?"

"हाव," मंजुषा म्हणाली. तिनं खोटं सांगितलं नाही. माही नजर फरशीत गेली.

"मंग तू हिच्यासाठी इथं काहून बसली?"

"सरायनं हिची गोष्ट मानली नव्हती, चाचा. हिनंच पुरावा देला. नाहीतर आज हे पत्र माह्या घरी असतं. अन् आता हिले येते. माह्याहून चांगलं येते."

अब्बा उठले. मंग त्यायनं बिस्तरबंद टेबलावर ठेवला, घडी मोडली, गादी बांधल्यावर होते तसा त्याचा गोल गुंडाळा केला अन् पट्टे आवळले. पत्र उलटं करून त्याची कोरी बाजू माह्यापुढे सरकवली.

"हा काढ," ते म्हणाले. "समोरून, वरून, बाजूनं. जिल्द बांधताना मले बी तिन्हीकडून पाहावं लागते."

माह्याजवळ पेन्सिल नव्हती. मंजुषानं देली. माही रेघ सरळ येत नव्हती. तरी मी समोरून काढला. वरून काढला. मंग डोळे मिटले, भिंत आठवली, अन् बाजूनं काढला.  अब्बांनी कागद उचलला. पुस्तकाची शिवण तपासतात तसा डोळ्याजवळ नेला. एकदा बिस्तरबंदाकडे पाह्यलं, एकदा कागदाकडे.

"पट्टा राहिला," ते म्हणाले.

मी पट्टा काढला. अब्बांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मंग माणिकबाईले विचारून, तिले पुढं घालून ते वर आले, अन् बिस्तरबंद माह्या खाटेखाली, भिंतीपर्यंत सरकवून ठेवला. जाताना मंजुषाच्या डोक्यावर हात ठेवला. माह्याशी ते ईदपर्यंत बोलले नाही. त्या वर्षी मले ड्रॉइंगच्या परीक्षेले बसू देलं नाही, मी ती पुढच्या वर्षी देली. बिस्तरबंद चारही वर्षं तिथंच होता. झाडताना दर वेळी माहा झाडू त्याले लागे, अन् दर वेळी मी तो भेवानं पुन्हा भिंतीपर्यंत लोटत होती.